नवरी रस्ता ओलांडते

वेळदांडा, ता. म्हसळा
१४ जानेवारी २०२५

प्रिय जागू,

संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ पाठवत नाही. गेल्या वर्षी पोस्टात त्याचा भुगा झाला आणि तुझ्या सासूबाईंनी तो कुठल्यातरी देवस्थानचा अंगारा समजून कपाळाला लावला, हे तूच कळवलं होतंस. गोड बोल असं तुला सांगण्यात मी वेळ घालवत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. विपुलभावजींचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळायला लागल्यापासून तू माझ्याशी बोलता बोलता दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरांना शिव्या घालतेस. त्यातल्या माझ्या कुठल्या आणि त्यांच्या कुठल्या हे मला शेवटपर्यंत कळत नाही. पत्र बरं. अलिबागच्या होस्टेलात एका खोलीत राहून आपण डी.एड. केलं तेव्हाही तू समोर बसून चिठ्ठ्याच लिहायचीस.

आमच्याकडची प्रगती कळवते. वेळदांडा आता गाव राहिलेलं नाही, शहर झालं आहे. नगरपंचायत आली, चौकात उंच खांबावरचा दिवा आला आणि दिवसभर डंपर आले. खाडीच्या तोंडाशी कसलासा मोठा भराव चालू आहे. इथला डोंगर उचलायचा आणि तिथे नेऊन टाकायचा, असा तो विकास आहे. मधला रस्ता म्हणजे आमची बाजारपेठ. शनिवार-रविवारी त्यात समुद्र बघायला आलेल्या मोटारींची भर. शाळा अलीकडे, एसटी स्टँड पलीकडे. बारसं आणि लग्न यांच्यासारखंच रस्ता ओलांडणं हाही आता आमच्याकडे आयुष्यातला एक टप्पा मानतात.

गेल्या आठवड्यात आवडाबाईला डंपरचा धक्का लागला. चौकाच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते ती. तू आली होतीस तेव्हा तिनं तुला मुळ्याची जुडी फुकट दिली होती आणि वर "नीट धुवून खा, शेरातली हायस," असं सुनावलं होतं. ती कळशी घेऊन शाळेच्या बाजूच्या नळावर निघाली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता मुलीकडे पडून आहे. डंपर थांबला नाही. बाजारात कुणीच नंबर पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनीही पाहिला नाही.

आम्ही चार बायका नगरपंचायतीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, रस्ता आमचा नाही, बांधकाम खात्याचा. खात्याचे साहेब म्हणाले, रस्ता आमचा पण वाहतूक पोलिसांची. पोलीस म्हणाले, म्हातारीनं बघून चालायला हवं होतं. म्हणजे शेवटी तो रस्ता आवडाबाईचा निघाला.

परवा भागोजीकाका ओट्यावर येऊन बसले. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, उभं आयुष्य शिमग्याच्या नमन-खेळ्यांत बाईचं सोंग घेतलेला माणूस. सत्तरी उलटली तरी लुगडं नेसून असे लाजतात की गावातल्या सुना बघून शिकतात. म्हणाले, "प्रणाली, शिमग्यात आमी रस्त्यात गाड्या अडवतो. कोन काय बोलत न्हाय. नारळ देतात नि हात जोडून जातात. मग शिमगा वर्सातून एकदाच यायला पायजे, असा कायदा हाय काय?"

मी हायस्कूलमधली सभ्य शिक्षिका. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की असं काही आपल्याला करता येणार नाही. पुढच्या महिन्यात करतोय.

तुझी, अजून रस्त्याच्या अलीकडेच उभी असलेली,
प्रणाली


उरण
२४ जानेवारी २०२५

प्रणालीबाई मास्तरीण यांस,

आवडाबाईंचं वाचून वाईट वाटलं. यात टोमणा नाही, उगाच शोधत बसू नकोस.

बाकी पत्र वाचून करमणूक झाली. रस्त्यावर नाचून गाड्या थांबत असत्या तर आमच्या उरणात एक कंटेनर शिरला नसता. इथे हळदीला लोक पहाटेपर्यंत नाचतात, आणि कंटेनर वरातीच्या मागे शांतपणे उभा राहून पुढे निघून जातो. जाताना मांडवाचा एक खांबही नेतो.

तुमच्या नाटकानं काय होईल ते मी आत्ताच सांगते. पहिल्या दिवशी लोक मोबाईल काढतील. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढारी येऊन हार घालून घेईल. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक तुला बोलावून विचारतील की बाई, आपल्या शाळेची काही इभ्रत आहे की नाही. आणि डंपर तसेच जातील. डंपरवाला काही राक्षस नसतो गं. त्याला खेपा असतात, आणि खेपांमागे घर असतं.

तू त्या डंपरांचं एवढं लिहिलंस, कुणाचे आहेत ते काही कळलं का? नाव वगैरे लिहिलेलं असतं पुढच्या काचेवर. सहज विचारते.

विपुलचं ठीक चाललंय. नवीन कामं मिळाली आहेत, इकडे तिकडे. सासूबाईंचे गुडघे त्यांच्या स्वभावासारखेच, वाकत नाहीत.

रस्ता गाड्यांसाठी असतो. नाचायचं तर अंगण आहे.

जागृती


वेळदांडा
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय जागू,

तुझी भविष्यवाणी मिळाली. लोकांनी मोबाईल काढले, एवढं बरोबर आलं. बाकीचं सांगते.

परवा मंगळवारी, आठवडे बाजाराला, शाळा सुटल्यावर खेळ केला. खेळाचं नाव "नवरी रस्ता ओलांडते". गोष्ट नावात संपली. नवरी शाळेच्या बाजूला, नवरा एसटी स्टँडच्या बाजूला. मुहूर्त जवळ आलेला. नवरीनं वऱ्हाडासकट रस्ता ओलांडायचा. नवरी भागोजीकाका, हिरवं लुगडं, मुंडावळ्या, नाकात नथ. नवरा म्हणजे गिरणीवाली सुचिता, काजळाची मिशी काढून. आम्ही बचत गटातल्या बायका करवल्या. मृदंगावर काकांचे जुने साथीदार.

नियम एकच होता, तो काकांचा. हॉर्न वाजला की नवरी दचकते, आणि अख्खं वऱ्हाड दोन पावलं मागे येतं. मृदंगाची थाप पडते, झांजा वाजतात, पुन्हा पहिल्यापासून. जितके हॉर्न, तितकं लग्न लांब. सुरुवातीला गाड्यांनी अक्षरशः आकांत केला आणि आम्ही पार शाळेच्या फाटकापर्यंत मागे गेलो. मग रांगेत पुढे उभा असलेला एक टेम्पोवाला खाली उतरला आणि मागच्यांना हात जोडून म्हणाला, "बाबांनो, नका वाजवू. तिला जाऊ दे एकदाची."

आणि जागू, हॉर्न थांबले.

त्या शांततेत बाजारात काय ऐकू आलं असेल? सुचिताच्या गिरणीचा पट्टा. कापडदुकानातला पंखा. समोरासमोरचे दोन दुकानदार पहिल्यांदाच न ओरडता एकमेकांशी बोलले आणि लगेच भांडले, कारण इतकी वर्षं ते एकमेकांना काय ओरडत होते ते दोघांनाही तेव्हाच समजलं. रस्ता किती रुंद आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या मधोमध उभं राहून डावीकडे पाहिलं की खाडी दिसते. मी इथे सोळा वर्षं राहते, मला माहीत नव्हतं. मधोमध कोण उभं राहतंय?

नवरी निम्म्या वाटेवर आली तेव्हा करवल्यांनी तिच्या डोक्यावर पीठ टाकायला सुरुवात केली. म्हणजे केस पांढरे होतात. पलीकडे पोचेपर्यंत नवरी कमरेत वाकलेली, काठी टेकत, तोंडाचं बोळकं. नवराही पांढरा. तो डोळे बारीक करून विचारतो, "कोन गं तू बाय?" ती म्हणते, "मी तुझी नवरी. मगाशी निगाले व्हते." इथे लोक हसले आणि मग त्यांची नजर खाली गेली. आवडाबाईची रिकामी जागा तिथेच होती, नवऱ्याच्या पायापाशी.

हवालदार आला. परवानगी कुठे म्हणून वही काढली. काकांनी पदर सावरला, त्याचा हात धरला आणि अशा आवाजात म्हणाले की मलाच पाझर फुटला, "भाऊ, मला जरा पलीकडं न्हेऊन सोडता काय?" सगळा बाजार बघत होता. त्यानं वही खिशात ठेवली, हात वर करून गाड्या थांबवल्या आणि नवरीला हाताला धरून परत शाळेच्या बाजूला आणून सोडलं. वाहतूक पोलिसानं माणसाला रस्ता ओलांडून दिल्याची वेळदांड्यातली ही पहिली नोंद.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. विचारलं, पुढचा प्रयोग कधी, मिसेसना बघायचा आहे.

दर मंगळवारी करायचं ठरलंय. डंपरांची नावं मी वाचली नाहीत. डोळ्यांत पीठ गेलं होतं.

तुझी करवली,
प्रणाली


उरण
२१ फेब्रुवारी २०२५

प्रणाली,

वाचलं. चांगलं झालं. हसलेही, भागोजीकाकांचं वाचताना.

पण दर मंगळवारी कशाला? एकदा केलंत, लोकांना कळलं, पुरे. फारच हौस असेल तर तुमच्या शाळेचं मैदान आहे, तिथे करा. माणसांना बसायला मिळेल, आवाज नीट पोचेल, आणि पीठही वाया जाणार नाही. नाटक नाटकाच्या जागी शोभतं.

भरलेला डंपर काय असतो तुला माहीत नाही. तुमच्या बाजाराआधी चढ आहे. चढावर गाडी थांबवली तर ती मागे येते. एखादा ड्रायव्हर नवा असतो, एखाद्याची झोप झालेली नसते. ब्रेक लागला नाही तर तुझे काका खरोखरचे पलीकडे जातील. हे मी भांडायला लिहीत नाही. रात्रंदिवस मी याच माणसांशी बोलते, म्हणून सांगते.

मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील ना? त्याकडे लक्ष दे.

जागृती


वेळदांडा
५ मार्च २०२५

जागृती,

तुला आमच्या बाजाराआधीचा चढ कसा माहीत, हा प्रश्न मला तुझं पत्र वाचतानाच पडायला हवा होता. तू आलीस तेव्हा एसटीनं उलट्या बाजूनं आली होतीस.

काल चौथा प्रयोग होता. नवरी मध्यावर होती. चढावरून एक भरलेला डंपर आला आणि थांबला. ब्रेक उत्तम होते. पुढच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत "सत्यवती कृपा". मी वाचलं आणि मनात म्हटलं, जगात सत्यवती एकटी तुझी सासू नाही.

ड्रायव्हर पोरगेलासा, हसरा. काकांनी त्याला सांगितलं, "भावजी, वाईच थांबा. पाच मिन्टात म्हातारी व्हते." तो हसला. मग बराच वेळ झाल्यावर त्यानं फोन लावला. म्हणाला, "शेठाणी, इथं बाया नाचतान. गाडी जात नाय." काका त्याच्या दाराशी गेले. "स्पीकरवर टाक रं भावजी. नवरीला पन आयकू दे शेठाणी काय बोलते." आणि त्या भल्या माणसानं टाकला.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला ते कसं ऐकू आलं ते माहीत नाही. उंच आवाज, मोकळा बाजार, हॉर्न बंद.

"नाचतात तर नाचू दे. रिकामटेकड्या असतील. हॉर्नवर हात ठेव आणि गाडी काढ रे रघू. गाडी अंगावर आली की आपोआप घरची कामं आठवतात, बरं का."

त्या "बरं का"वर माझ्या हातातली पिठाची थाळी कलली. वीस वर्षं तो "बरं का" मी ओळखते. तू होस्टेलात मेसवाल्याशी भांडायचीस तेव्हा तो शेवटी यायचा आणि मेसवाला वाढून द्यायचा.

फोन माझ्यापासून हातभर लांब होता. मी "जागू" म्हणू शकले असते. मी करवली होते. करवलीच्या आवाजात म्हटलं, "शेठाणी, नवरीला आशीर्वाद तरी द्या." तू म्हणालीस, "कोण बोलतंय?" आणि फोन बंद झाला. मग बाजार हसला. तो किती हसला हे लिहीत नाही. मैदानावर केलं असतं तर आवाज इतका नीट पोचला नसता.

आवडाबाईला धक्का लागला तो डंपर कुणाचा, हे मी तुला विचारणार नाही.

प्रणाली


उरण
९ मार्च २०२५

प्रणाली,

काल महिला दिन झाला. ड्रायव्हरांनी मला गुलाब दिला. त्यात रघू नव्हता, त्याला मी तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलंय.

हो, गाड्या आमच्या. भरावाचं काम नोव्हेंबरपासून विपुलकडे आहे, आमच्याबरोबर आणखीही तिघाचौघांकडे. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पत्र लिहायचं बंद केलं असतंस आणि डंपर तरीही गेलेच असते. मग मी दोन्हीतलं एक वाचवलं, तर बिघडलं कुठे?

आता तूही जरा ऐक. तुझ्या शाळेची नवी इमारत झाली तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास. ती खडी काय डोंगरावरून पायी चालत आली होती? तुमचा सिमेंटचा रस्ता, ज्याच्या मधोमध उभं राहून तुला खाडी दिसली, तो कुणाच्या गाडीतून आला? तुम्हाला सगळं हवं असतं. फक्त ते आणणारी गाडी दिसायला नको. सासरे मिठागरात राबले, पाय कायमचे चिरलेले होते त्यांचे. जमीन गेली, मिठागर गेलं, त्यातून पहिली गाडी आली. आम्ही ती कौतुकानं नाही घेतली. दुसरं काही उरलंच नव्हतं.

रिकामटेकड्या म्हणाले, ते मागे घेत नाही. माझ्याकडे संध्याकाळी पाच वाजता नवरी व्हायला वेळ नसतो.

विचारणार नाही म्हणून विचारलंस. नव्हता आमचा.

जागृती


उरण
१२ एप्रिल २०२५

प्रणाली,

महिनाभर तुझं पत्र नाही. शिमग्याचंही नाही. ठीक आहे, मला सवय नाही पण होईल.

हे लिहायचं नव्हतं. पण न लिहिता राहवतही नाही, म्हणून लिहिते.

पंधरा दिवसांपूर्वी विपुल म्हसळ्याला पंपावर डिझेल भरायला थांबला होता. शेजारच्या गाडीवाल्यानं काच खाली केली आणि बायकी आवाज काढून म्हणाला, "गाडी काढ रे रघू." पंपावरचे सगळे हसले. दिघीच्या जेटीवर तेच. तिकिटं फाडणाऱ्या पोरानंही तेच. विपुल घरी आला आणि जेवला नाही. माझ्या नवऱ्याचं एक आहे. कुणी शिव्या दिल्या, तक्रार केली, मोर्चा आणला, तर तो चहा पाजून परत पाठवतो. हसलेलं मात्र त्याला मुळीच चालत नाही. मला म्हणाला, "तुझी मैत्रीण तुझं सोंग काढते. सगळा तालुका बघतो. जाऊन बघ एकदा, आपली काय शोभा चाललीय ती."

म्हणून गेल्या मंगळवारी मी आले. अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून फेरीनं दिघी, तिथून रिक्षा. तोंडाला ओढणी बांधली होती. घरी भांडून निघाले होते, तुझ्याशी भांडायचं पाठ करत आले होते. काय काय बोलायचं ते फेरीवर एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

चौकात आले तर उभं राहायला जागा नाही. चहावाल्यानं बाकडी रस्त्यात आणून ठेवलेली. पोरं दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली. एक म्हातारे गृहस्थ घरून खुर्ची घेऊन आले होते आणि ती बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर ठेवून बसले होते, जणू तो पट्टा त्यांच्यासाठीच मारला आहे. मला वाटलं होतं लोक मजा बघायला येत असतील. ते तर आपापल्या ओटीवर बसावं तसे बसले होते.

मग तू आलीस. कमरेला पदर खोचलेला, एका कानाला एक फोन आणि दुसऱ्या कानाला दुसरा. नवरी तुझ्या पायाशी. आणि तू बोलायला लागलीस. प्रणाली, तू फोन ठेवताना हनुवटीनं बटण दाबलंस. मी असं करते हे मलाच माहीत नव्हतं. ड्रायव्हरला शिवी देताना मध्येच "जेवलास का रे" विचारलंस. पाय दुखला की मी उजव्या पायावर भार घेते, तोही घेतलास. इतकं नीट मला माझ्या नवऱ्यानं कधी पाहिलेलं नाही. लोक हसत होते आणि मला हसू येत होतं, आणि ओढणीच्या आत रडूही येत होतं. माझं पाठ केलेलं सगळं गेलं.

शेजारी एक मुलगी उभी होती, कॉलेजातली. हसून डोळे पुसत मला म्हणाली, "काकी, खरी शेठाणी एवढी वाईट असेल का हो?"

मी म्हटलं, "याहून वाईट आहे."

मग नवरीवर पीठ पडायला लागलं आणि मी निघाले. शेवटची फेरी चुकली असती, असं स्वतःला सांगितलं.

एक राहिलं. "नव्हता आमचा" असं मी लिहिलं, तेव्हा मी कुणालाच विचारलेलं नव्हतं. परत आल्यावर ड्रायव्हरांना ऑफिसात उभं करून विचारलं. सगळे एका सुरात नाही म्हणाले. वर्ग पाढे म्हणतो तसा सूर. तू शिक्षिका आहेस, त्या सुराचा अर्थ मी तुला काय सांगू?

आमच्या गाड्या सोमवारपासून बाजारातून जाणार नाहीत. खाडीच्या बांधावरचा जुना रस्ता आहे, लांब पडतो, खड्डे आहेत. ड्रायव्हर माझ्या नावानं बोटं मोडतात, विपुल तर बोलतच नाही. त्याला मी सांगितलं की लोकांचं हसणं थांबवायचा दुसरा उपाय असेल तर सुचव. त्याला सुचला नाही. बाकीच्या डंपरवाल्यांवर माझा इलाज नाही. त्यांच्या बायकांची सोंगं तू काढ.

आवडाबाईंना माझं नाव सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

जागू


वेळदांडा
२१ मे २०२५

प्रिय जागू,

तू आली होतीस आणि मी तुला पाहिलं नाही. शेठाणीला प्रेक्षक दिसत नाहीत, सोंगच तसं आहे. ओढणी काढली असतीस तर तुलाच आत ओढलं असतं आणि मी बसले असते चहा पीत. तुझ्या पत्राला एवढे दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होते ते दरवेळी जास्तच गोड व्हायला लागलं. तुला गोड बाधतं.

तुमच्या गाड्या बांधावरून जायला लागल्या त्याच आठवड्यात बाकीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरी काय झालं माहीत नाही, पण आणखी दोघांनी रस्ता बदलला. म्हणे बायकांनी सांगितलं. तिसऱ्याला बायको नाही, त्याचे अजून येत होते. मग नगरपंचायत जागी झाली. चौकात फलक लागला: संध्याकाळी चार ते आठ जड वाहनांस बंदी, "शहराच्या सांस्कृतिक वैभवाच्या जतनार्थ". खाली नगराध्यक्षांचा हसरा फोटो, उपाध्यक्षांचा थोडा कमी हसरा, आणि शुभेच्छुक म्हणून त्या बिनबायकोच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा. आवडाबाईचं नाव कुठेही नाही. भागोजीकाकांचं आहे, "भागुबाई" असं. काकांना फार आनंद झाला. म्हणाले, इतक्या वर्सांच्या सोंगाला सरकारी कागद मिळाला.

मंगळवारी आम्ही तरीही जमलो. नवरी तयार, थाळीत पीठ, मृदंग गळ्यात. पण थांबवायला गाड्याच नाहीत. काका रस्त्यावर उतरले आणि सरळ चालत पलीकडे गेले. मुंडावळ्यासुद्धा हलल्या नाहीत. पलीकडे उभे राहून त्यांनी मागे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आता गो काय करायचं?" खरंच कळेना. लोक मात्र घरी गेले नाहीत. खुर्चीवाले खुर्चीत बसले. कुणी रस्त्याच्या मधोमध उभं राहून उगाचच फोनवर बोललं. सुचितानं मिशी पुसली नाही, तशीच गिरणी चालू केली. तुझं सोंग मी आता काढत नाही. लोक विचारतात, शेठाणी कुठे गेली? मी सांगते, बांधावरच्या रस्त्यानं गेली, वेळ लागेल.

आणि काल आवडाबाई आली.

मुलीनं रिक्षातून स्टँडच्या बाजूला सोडली. हातात वॉकर, पाठीमागे मुलीच्या डोक्यावर भाजीची पाटी. मी तिला तुझं सगळं आधीच सांगितलं होतं. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "तिला म्हनाव, मी मेले न्हाय. पन बरी पन न्हाय." तेवढंच. मी तसंच कळवते आहे, त्यात माझं काही घालत नाही.

तिच्या जागेच्या बाजूचं गटार फुटलंय, म्हणून तिनं आता शाळेच्या बाजूला बसायचं ठरवलं होतं. म्हणजे रस्ता ओलांडायचा. मुलगी म्हणाली, रिक्षानं वळसा घालून नेते. आवडाबाईनं ऐकलं नाही. वॉकर उचलून पुढे टेकायचा, मग एक पाय, मग दुसरा. मध्येच थांबून श्वास घ्यायचा. वेळ दुपारची, म्हणजे फलक अजून चालू झालेला नव्हता. मोटारी होत्या, एसटी होती. तो बिनबायकोच्या मालकाचा डंपरही होता, भरलेला, चढावर.

कुणी कुणाला सांगितलं नाही. टेम्पो थांबला, एसटी थांबली. डंपरवाल्यानं इंजिन बंद केलं. हॉर्न एकही नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली. मी दहावीचा सुट्टीतला जादा वर्ग सोडून फाटकाशी आले, माझ्यामागे वर्गही आला. इतके मंगळवार आम्ही जे करून दाखवत होतो, ते कुणी न दाखवता समोर चाललं होतं. म्हातारी मधोमध पोचली तेव्हा थांबून तिनं मान वळवून खाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिलाही तिथून ती कधी दिसली नसावी.

अलीकडे पोचली आणि शाळेच्या भिंतीला टेकली. तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली, एसटीतल्यांनी खिडकीतून हात काढून वाजवली, डंपरवाल्यानंही.

आवडाबाई भडकली. वॉकर आपटून म्हणाली, "टाळ्या काय वाजवता रं? मी काय नाचले काय? भाजी घ्यायची तर घ्या, नायतर व्हा बाजूला, गाड्या थांबल्यात."

मी मुळ्याची जुडी घेतली.

तुझी,
प्रणाली